ता. क. मधली माणसं

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जुन्या मळेवाल्यांची घरगुती पत्रं वाचायला निघालेल्या नव्या वाचकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं, की सुरुवातीला कंटाळा येतो. गुलामगिरी, कापूस, 1861 साली पेटलेली यादवी असं काहीतरी मोठं मनात घेऊन आपण बसतो, आणि कागदावर भेटतात ते कोणाचे दात आणि कोणाचा खोकला. आईची हिवतापाची पाळी या खेपेला चुकली. धाकट्याला क्विनाइन दिलं. कापसाला अळी लागली, भरतीच्या पाण्यानं भातखाचराचा बांध फुटला. पाहुणे आठ दिवस राहून एकदाचे गेले. रविवारचं प्रवचन बरं झालं. मग कागद संपत आला की घाईघाईनं कोंबलेल्या दोन ओळी: घरची सगळी नोकरमंडळी तुला ‘हाउडी’ सांगतात, अमकी विचारत होती बाळ कसं आहे म्हणून. हाउडी म्हणजे खुशाली विचारणं. आपल्या खेड्यातला रामरामच म्हणा.

ही नोकरमंडळी पगारी नव्हती. ‘गुलाम’ हा शब्द घरच्या पत्रात लिहायची या लोकांना सवयच नव्हती. तो शब्द कायद्याचा, खरेदीखताचा, वर्तमानपत्रातल्या वादाचा. घरात ‘नोकर’, शेतावर ‘आमची माणसं’, आणि फारच गहिवरून आलं की ‘आमचं कुटुंब, गोरं नि काळं’. ही सगळी पत्रं त्या शेवटच्या दोन ओळींपासून वर वाचत जावीत, असं माझं मत आहे आणि या प्रस्तावनेत मी तेच पटवायचा प्रयत्न करणार आहे. वरून खाली वाचलं की एक प्रेमळ, धार्मिक, थोडं आजारी कुटुंब दिसतं. खालून वर वाचलं की तेच कुटुंब कशावर उभं होतं ते दिसायला लागतं.

आधी ही माणसं किती होती ते पाहू. 1860 च्या खानेसुमारीत गुलाम म्हणून नोंदलेले लोक साडेएकोणचाळीस लाख होते. त्यांचे मालक साधारण चार लाख. त्यातही ज्यांच्याकडे वीस किंवा त्याहून जास्त माणसं होती, आणि ज्यांना इतिहासकार ‘प्लँटर’ म्हणतात, असे मालक 46 हजारांच्या आसपास. शंभराच्या वर माणसं बाळगणारे सव्वादोन हजारांच्या घरात. म्हणजे आपण ज्यांची पत्रं वाचतो ते दक्षिणेतल्या गोऱ्यांमध्येही मूठभर. पण लिहायला वेळ त्यांच्याकडे, लिहिलेलं जपून ठेवायला माळे आणि पेट्याही त्यांच्याकडेच. दुसऱ्या बाजूला दक्षिण कॅरोलायनात 1740 पासून गुलामाला लिहायला शिकवणं हा गुन्हा होता, आणि 1831 साली व्हर्जिनियात नॅट टर्नरचं बंड झाल्यावर आणखी राज्यांनी असे कायदे केले किंवा होते ते आवळले. कोणाचे कागद उरले याचं उत्तर यातच आलं.

ही कुटुंबं एवढी लिहीत का होती? कारण ती कायम विखुरलेली होती. मुलगा कोलंबियाच्या किंवा प्रिन्स्टनच्या कॉलेजात, मुलगी कुठल्यातरी मुलींच्या शाळेत राहायला, वडील कोर्टकचेरीसाठी शहरात. किनाऱ्यालगतच्या भातशेतीवाल्यांना तर उन्हाळ्यात हिवतापाच्या भीतीनं मळ्यावरचं घरच सोडावं लागे. ते समुद्राकाठच्या किंवा देवदारांच्या रानातल्या घरी जात. शेतावर राहत ते मुकादम आणि राबणारी माणसं. मोठं विखुरणं मात्र पश्चिमेकडचं. व्हर्जिनिया-कॅरोलायनाच्या जमिनी थकल्या तशी तरुण मुलं अलाबामा-मिसिसिपीच्या नव्या काळ्या मातीकडे निघाली. जोन कॅशिन यांनी ‘अ फॅमिली व्हेंचर’ (1991) या पुस्तकात दाखवलंय की पुरुषांना या स्थलांतरात नशीब दिसत होतं आणि बायकांना माहेर तुटताना दिसत होतं. त्यांच्या पत्रांत रडणं आहे, आणि ते खरं आहे. पण याच वाटेनं, 1790 ते 1860 या काळात, सुमारे दहा लाख गुलाम दक्षिणेच्या वरच्या भागातून खालच्या भागात नेले किंवा विकले गेले. त्यांचं तुटलेलं माहेर पत्रात आलं तर एखाद्या वाक्यापुरतं येतं, तेही बहुधा ‘माणसं जरा उदास आहेत, पण होतील ठीक’ अशा तऱ्हेनं.

पत्राच्या कागदाबद्दलही थोडं, कारण पहिलं पत्र हातात आलं की आधी तेच गोंधळात टाकतं. 1845 पर्यंत टपालाचा खर्च पानांवर आणि मैलांवर ठरे. चारशे मैलांच्या पुढे एका पानाला पंचवीस सेंट, आणि बहुतेक वेळा ते देणार पत्र घेणारा; म्हणजे सगळा कारभार बैरंग. पाकीट घातलं तर ते दुसरं पान धरलं जाई. म्हणून पाकीटच नाही. पत्राचाच कागद घडी घालून, लाखेनं चिकटवून, मधल्या कोऱ्या चौकोनावर पत्ता. पान भरलं आणि बोलायचं राहिलंय, तर कागद आडवा फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच उभ्या ओळी काढायच्या. असं जाळीदार पान वाचताना पहिल्या दिवशी डोळे पाणावतात, ते दुःखानं नव्हे. 1845 च्या कायद्यानं अर्ध्या औंसाला तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट आणि पुढे दहा असा सरळ दर आला, 1851 साली आगाऊ पैसे भरलेल्या पत्राला तीन सेंट. मग लेखणी सैल सुटली. त्याआधीच्या पत्रांत जो आटोपशीरपणा आहे त्याचं श्रेय पुष्कळदा स्वभावाला दिलं जातं. त्यातलं निम्मं टपालखात्याला द्यायला हरकत नाही.

आणखी एक सावधगिरी. ही पत्रं आपण समजतो तशी खाजगी नव्हती. ती बैठकीच्या खोलीत मोठ्यानं वाचली जात, मावशीकडे पुढे पाठवली जात. मुलाच्या पत्रातलं शुद्धलेखन आणि अक्षर वडील उलट टपाली सुधारून पाठवत. पत्र लिहिणं हा वळण लावण्याचा भाग होता: मुलानं मर्द आणि मोजकं व्हावं, मुलीनं गोड आणि आज्ञाधारक व्हावं, आणि दोघांनी ते कागदावर करून दाखवावं. स्टीव्हन स्टो यांचं ‘इन्टिमसी अँड पॉवर इन द ओल्ड साउथ’ (1987) या बाबतीत अजून सर्वांत उपयोगी आहे. प्रेमपत्र, नकारपत्र, द्वंद्वाला बोलावणारं पत्र या सगळ्यांचे ठरलेले साचे होते, हे ते नीट उलगडून दाखवतात. म्हणून ‘माझ्या प्राणप्रिय पुत्रा’ एवढ्यावर विरघळायचं नाही. आणि साचा आहे म्हणून भावना खोटी, असंही धरायचं नाही. आपणही ‘लोभ असावा’ लिहितोच की, आणि कधीकधी लोभ असतोही.

आता ‘कुटुंब’ या शब्दाकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे.

मळेवाल्याच्या घरात जिव्हाळा आणि मालमत्ता वेगवेगळ्या खोल्यांत राहत नव्हत्या. मुलीचं लग्न झालं की आईवडील तिला आंदण देत, आणि आंदणात माणसं असत. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी आणि बटकी दिल्या-घेतल्याच्या, विकल्याच्या नोंदी ज्यानं पाहिल्या असतील त्याला तो परका वाटणार नाही. दक्षिण कॅरोलायनाचा जेम्स हेन्री हॅमंड, जो पुढे गव्हर्नर झाला आणि 1858 साली सेनेटमध्ये ‘कापूस हाच राजा’ असं गरजला, तो मुळात एका शाळामास्तरचा मुलगा. 1831 साली त्यानं चार्ल्स्टनच्या एका श्रीमंत घरातल्या कॅथरीन फिट्झसिमन्स या मुलीशी लग्न केलं, आणि सव्हाना नदीकाठचा सिल्व्हर ब्लफ हा मळा त्याच्या ताब्यात आला. सोबत 147 माणसं. त्याचं सगळं राजकारण त्या लग्नावर उभं आहे.

बायका यात नुसत्या निमित्तमात्र होत्या, असं फार दिवस मानलं गेलं. पण मिसिसिपी राज्यानं 1839 साली विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कायदा केला तेव्हा त्यातली बहुतेक कलमं बायकोच्या मालकीच्या गुलामांविषयीच होती. नवऱ्याच्या कर्जापायी तिची माणसं जप्त होऊ नयेत म्हणून. स्टेफनी जोन्स-रॉजर्स यांच्या ‘दे वर हर प्रॉपर्टी’ (2019) या पुस्तकानंतर ‘मालकीणबाईंचं मन कोवळं होतं’ हे वाक्य लिहिताना हात थबकायला हवा. त्यांनी मालकिणींच्या पत्रांपेक्षा 1930 च्या दशकात सरकारी लेखकांनी नोंदवून घेतलेल्या, एकेकाळी गुलाम असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखतींवर भर दिला. आपण कोणाच्या मालकीचे आहोत, साहेबाच्या की बाईच्या, हे त्या माणसांना पक्कं माहीत होतं. थॅवोलिया ग्लिम्फ यांनी त्याआधी 2008 सालीच मालकिणीच्या हातातल्या चाबकाकडे बोट दाखवलं होतं. पत्रांत तो चाबूक दिसत नाही. ‘आज स्वयंपाकघरात फार मनस्ताप झाला’ एवढंच दिसतं.

हॅमंडकडे परत येऊ, कारण या क्षेत्रातलं एक पत्र असं आहे की ते वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1839 साली त्यानं सॅली जॉन्सन नावाची तरुण स्त्री आणि तिची वर्षभराची मुलगी लुइसा विकत घेतली. सॅलीला त्यानं ठेवलं, आणि लुइसा मोठी होऊ लागल्यावर तिलाही. 1850 साली पत्नी कॅथरीन यावरून घर सोडून गेली. काही वर्षांनी परत आली. 1856 च्या फेब्रुवारीत हॅमंडनं हॅरी या आपल्या मोठ्या मुलाला पत्र लिहिलं. मृत्युपत्रात सॅली, लुइसा आणि त्यांची मुलं मी तुझ्या नावे करतोय, असं तो सांगतो. त्यातली कोणती मुलं आपली असतील, कोणती कदाचित हॅरीचीच असतील, याचा तो अगदी हिशेबनीसासारखा विचार करतो. त्यांना बाहेर विकू नकोस, परक्यांच्या गुलामीत माझं रक्त जाऊ देऊ नकोस, अशी विनवणी करतो. आणि त्यांना मुक्त करून उत्तरेकडे पाठवणं म्हणजे त्यांच्यावर क्रूरपणा होईल, घरातली गुलामीच त्यांना सुखाची, असंही बजावतो.

या पत्राला ढोंग म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते ढोंग वाटत नाही, आणि म्हणूनच ते वाचवत नाही. त्यात बापाची काळजी आहे, आणि ती व्यक्त करायला त्याच्याकडे मालकीहक्काच्या वाटणीशिवाय दुसरी भाषाच नाही. दक्षिण कॅरोलायनातल्याच एका मळेवाल्याची बायको मेरी चेस्नट, तिनं आपल्या रोजनिशीत टोमणा मारला होता, की शेजारच्या मळ्यावरच्या गव्हाळ पोरांचा बाप कोण हे प्रत्येक बाई सांगेल, स्वतःच्या घरातली पोरं मात्र तिला आकाशातून पडलेली वाटतात. हॅमंडच्या घरात तसा पडदाही राहिला नव्हता. हे कागद त्याच्या वारसांनी जाळले नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं. कॅरोल ब्लेसर यांनी त्या घराण्याच्या चार पिढ्यांचा पत्रव्यवहार 1981 साली छापला.

याच्या अगदी उलट टोकाला जॉर्जियातलं जोन्स कुटुंब. नवशिक्यानं सुरुवात यांच्यापासून करावी. रेव्हरंड चार्ल्स कोलकॉक जोन्स हे लिबर्टी काउंटीतले प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. माँटेव्हिडिओ, आर्केडिया आणि मेबँक असे तीन मळे. गुलामांना बायबल शिकवलं पाहिजे म्हणून आयुष्यभर झटले, 1842 साली त्यावर पुस्तक लिहिलं, लोक त्यांना गुलामांचे प्रेषित म्हणत. पत्नी मेरी कमालीची कर्तबगार. थोरला चार्ल्स हार्वर्डहून वकील होऊन सव्हानाला आला आणि पुढे त्या शहराचा महापौर झाला, धाकटा जोसेफ डॉक्टर, मुलगी मेरी शार्प एका धर्मोपदेशकाला दिलेली. ही पाच माणसं एकमेकांना सतत लिहीत. रॉबर्ट मॅन्सन मायर्स यांनी 1854 ते 1868 या काळातली सुमारे बाराशे पत्रं निवडून 1972 साली ‘द चिल्ड्रन ऑफ प्राइड’ या नावानं छापली. अठराशेहून जास्त पानांचा तो ठोकळा कादंबरीसारखा वाचला जातो. इतकी समंजस, इतकी एकमेकांवर जीव टाकणारी माणसं, की शंभर पानांनंतर आपण त्यांच्या घरी उतरलेले पाहुणे होतो. इथेच सावध व्हायचं.

1856 साली जेन नावाची तरुण मुलगी मळ्यावरून पळून सव्हानाला गेली आणि तिथे दुसऱ्या नावानं काम करू लागली. ती सापडली. तिची आई फीबी, सावत्र बाप कॅशस, भावंडं यांच्यासह सगळं कुटुंब विकायचं असं जोन्सनी ठरवलं. विक्रीची व्यवस्था वकील मुलानं पाहिली. बाप-लेकांच्या पत्रांत या विक्रीची चर्चा आहे, आणि ती वाचताना लक्षात येतं की दोघांना मनापासून वाटतंय आपण योग्य तेच करतोय: कुटुंब तोडलेलं नाही, एकत्र विकलंय, एका भल्या मळेवाल्याला विकलंय. तो मळेवाला निघाला दलालांच्या साखळीतला.

हे कळलं ते पत्रामुळेच. 1857 च्या मार्चमध्ये न्यू ऑर्लिन्सहून फीबी आणि कॅशस यांचं पत्र आलं, लिबर्टी काउंटीतल्या एका गोऱ्या ओळखीच्या माणसाच्या नावे. मागे राहिलेल्या मुलींना, क्लॅरिसा आणि नॅन्सीला, हे वाचून दाखवा, अशी त्यात विनंती. एक जानेवारीला आम्ही सव्हाना सोडलं. तुमची बहीण जेन फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला वारली. कोणी डॉक्टर फुप्फुसाची सूज म्हणाला, कोणी क्षय. आम्हाला आकसानं विकलं, पण त्यातून आमचं भलंच होवो. मग एकेकाचं नाव घेऊन हाउडी, हाउडी, हाउडी.

पत्राची घडण बघा. तब्येत, मृत्यू, देवावर हवाला, आणि एकेका नातलगाला निरोप. मेरी जोन्सच्या पत्रात जे असतं तेच, त्याच क्रमानं. फरक असा की मेरीच्या पत्रात जे शेवटच्या दोन ओळींत असतं त्यानं हे अख्खं पत्र भरलंय. आणि ‘आकसानं विकलं’ हे दोन शब्दांतलं निदान रेव्हरंड जोन्सच्या पानभर आत्मपरीक्षणात कुठेही सापडत नाही.

हे पत्र जोन्सांच्याच कागदांत जपून राहिलं. अर्स्किन क्लार्क यांनी 2005 साली ‘ड्वेलिंग प्लेस’ लिहिलं तेव्हा त्यांनी हीच दोन टोकं हातात धरून त्या मळ्यांवरच्या गोऱ्या आणि काळ्या, दोन्ही कुटुंबांच्या चार पिढ्या शेजारी शेजारी मांडल्या. मायर्स आणि क्लार्क ही पुस्तकं एकाच टेबलावर उघडी ठेवून वाचावीत. नुसता मायर्स वाचला तर जोन्सांच्या प्रेमात पडायला होतं; नुसता क्लार्क वाचला तर ते प्रेम किती खरं होतं याचा अंदाज येत नाही.

गुलाम केलेल्या माणसांची स्वतःची पत्रं थोडी आहेत, पण आहेत. अलाबामातल्या होपवेल मळ्यावरून लुसी स्किपविथ आपल्या व्हर्जिनियातल्या मालकाला, जॉन हार्टवेल कॉक यांना, नियमित लिहीत असे. मळ्याचा कारभार कळवता कळवता मुकादमाची तक्रारही बेतानं सरकवत असे. रँडल मिलर यांनी 1978 साली तिची आणि लायबेरियात गेलेल्या तिच्या आप्तांची पत्रं एकत्र छापली. जोन्स फिलाडेल्फियाला असताना त्यांचे काळे मुकादम केटो आणि अँड्र्यू गोऱ्या माणसाकडून पत्र लिहवून घेत. यात खुशामत किती आणि डावपेच किती, हे ओळखायला कान तयार व्हावा लागतो.

डावपेचांत हॅरिएट जेकब्सचा हात कोणी धरणार नाही. उत्तर कॅरोलायनातल्या ईडन्टनचा डॉक्टर जेम्स नॉरकॉम तिच्या मागे लागला होता. 1835 च्या उन्हाळ्यात ती निसटली तेव्हा त्यानं शंभर डॉलर बक्षिसाची जाहिरात दिली. ती मात्र गावातच, आजीच्या घराच्या छपराखालच्या पोकळीत, जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. तिथून तिनं पत्रं लिहिली आणि ओळखीच्या माणसाकरवी ती न्यूयॉर्कमध्ये टपालात टाकवली. न्यूयॉर्कचा शिक्का पाहून डॉक्टर तिला उत्तरेकडे शोधत राहिला. एवढंच नाही, आजीच्या नावे आलेलं पत्र त्यानं आपल्या सोयीनं बदलून वाचून दाखवलं, आणि ते ती भिंतीआडून ऐकत होती. 1861 साली तिनं टोपणनावानं आत्मकथन छापलं, आणि पुढे शंभरेक वर्षं पुष्कळ विद्वान त्याला एका गोऱ्या बाईनं रचलेली कादंबरी समजले. जीन फेगन येलिन यांनी 1987 च्या आवृत्तीत ते तिचंच असल्याचं सिद्ध केलं, ते कागदपत्रांच्या आधारे. आणि त्यांत नॉरकॉमच्या घराण्याची पत्रंही होती. छळणाऱ्याच्या दप्तरानंच साक्ष दिली.

दप्तरांचा विषय निघालाच आहे तर रूलाक हॅमिल्टन या गृहस्थांना भेटलं पाहिजे. 1930 साली चॅपल हिलच्या विद्यापीठात ‘सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन’ सुरू झालं ते यांच्या खटपटीनं. आपली फोर्ड गाडी घेऊन हे दक्षिणभर फिरत, घराण्यांच्या माळ्यांवरून पेट्या उतरवत. आमच्या इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण येते, वाड्यावाड्यांतून कागदांचे रुमाल गोळा करत हिंडणाऱ्या. हॅमिल्टनना जे हवं होतं ते त्यांच्या वर्गाच्या वैभवाचं स्मारक. त्या पेट्यांतून पुढे काय निघणार याची त्यांना कल्पना नव्हती. स्टॅगव्हिलच्या कॅमेरॉन घराण्याचे कागद तिथेच आले. 1860 च्या सुमारास या घराण्याकडे नऊशेच्या आसपास माणसं होती. मालकांनी ठेवलेल्या जन्मनोंदी हर्बर्ट गटमन यांनी पिढ्यांनुसार लावून पाहिल्या. मालकानं त्या ठेवल्या होत्या मालमत्तेची वाढ मोजायला. गटमनना त्यांत दिसलं ते हे, की मुलांना बापाची, आजाची नावं ठेवली जात होती, आणि मळेवाले आपसात चुलत-मामे भावंडांची लग्नं लावत असताना त्यांचे गुलाम सख्ख्या चुलतभावंडांशी लग्न कटाक्षानं टाळत होते. म्हणजे मालकाच्या चोपडीत मालकाला न दिसलेली नात्यागोत्याची पूर्ण व्यवस्था होती. 1976 सालच्या त्या पुस्तकानं गुलामांना कुटुंबच नव्हतं हा समज मोडला. याच कॅमेरॉन कागदांत 1859 सालचं एक पत्र आहे, मेरी वॉकर नावाच्या स्त्रीसाठी तिच्या उत्तरेतल्या हितचिंतकानं लिहिलेलं. अकरा वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात ती कॅमेरॉनांच्या हातून निसटली होती आणि तिची मुलं मागे राहिली होती. ती विकत द्या, असं त्यात मागणं. मुलं भेटली ती युद्ध संपल्यावर, 1865 साली.

विद्वानांच्या भांडणांबद्दल थोडक्यातच सांगतो. उल्रिक फिलिप्स यांनी 1918 साली मळेवाल्यांचे कागद प्रथम पद्धतशीर वापरले आणि मळेवाल्यांचंच म्हणणं मांडलं. केनेथ स्टँप यांनी 1956 साली तेच कागद उलटे वाचले. यूजीन जेनोव्हीझ 1974 साली म्हणाले, की मालकांचा पालकपणाचा दावा निव्वळ बतावणी नव्हती, आणि गुलामांनी तो पकडून त्यातून आपले हक्क उकरले. मला जेनोव्हीझ आवडतात, पण फीबीचं पत्र वाचल्यावर त्यांच्याबरोबर फार लांब जाववत नाही. कॅथरीन क्लिंटन आणि एलिझाबेथ फॉक्स-जेनोव्हीझ यांनी 1980 च्या दशकात मालकिणींकडे लक्ष वळवलं. पुढचं वर येऊन गेलंय.

मराठी वाचकाचा या कागदांशी संबंध नुसता कुतूहलाचा नाही. 1861 नंतर उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली, लँकेशायरच्या गिरण्यांना तो कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा जो उन्माद चढला आणि 1865 साली फुटला, त्याची दुसरी बाजू या पत्रांत दिसते: न विकलेल्या गासड्या आणि ओसरीवर येऊन टेकलेलं युद्ध. 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका आपण शाळेपासून ऐकतो. ज्या घरांची व्यवस्था मोडायला ते सज्जन झटले, ती आतून कशी होती, हे मात्र मराठीत फारसं कोणी सांगितलेलं नाही.

मायर्सच्या पुस्तकाची शेवटची दोनशे पानं सावकाश वाचा. 1863 साली रेव्हरंड जोन्स वारले. 1864 च्या डिसेंबरात उत्तरेचा सेनापती शर्मन याचं सैन्य लिबर्टी काउंटीत शिरलं. शिपाई घर धुंडाळत असताना, जानेवारीत, मेरी शार्प बाळंत झाली. मग माणसं एकेक करून मळा सोडून निघाली, आणि मेरी जोन्सच्या पत्रांत एक नवी तक्रार आली: कृतघ्न. जिनं शेकडो पत्रांच्या तळाशी त्यांचे हाउडी कळवले, तिला ती माणसं मुळात तिथे का होती हा प्रश्न पडलेला कुठे दिसत नाही. मळा चालेना. 1868 साली मेरी जोन्सनं जॉर्जिया सोडलं आणि ती मुलीकडे राहायला गेली; जावयाला एका चर्चमध्ये नेमणूक मिळाली होती. पुढच्या वर्षी ती तिथेच वारली. कुटुंबाच्या कागदांचा मोठा भाग आज त्याच शहरातल्या टुलेन विद्यापीठात आहे. शहर न्यू ऑर्लिन्स. फीबीनं आपल्या मुलींना पत्र लिहवून घेतलं होतं तेच.